राजा काय काय घेईल

[दृश्य : यरुशलेमच्या उत्तरेचे डोंगर, बांध घातलेली शेतं, जैतुनाची झाडं]

बायबलातली गोष्ट. रामा नावाचं गाव. इस्राएल लोकांचा संदेष्टा आणि न्यायाधीश शमुवेल म्हातारा झालाय. त्याची दोन मुलं, योएल आणि अबीया, तिकडे बैर-शेब्यात न्यायनिवाडा करतात आणि लाच खातात. इस्राएलाचे वडीलजन दारात येऊन उभे राहतात. "इतर राष्ट्रांना आहे तसा आम्हालाही राजा नेमून द्या."

शमुवेलाला हे झोंबतं. तो प्रार्थनेला बसतो, तेव्हा परमेश्वर सांगतो : त्यांनी तुला नाही धुडकावलं, मला धुडकावलंय. मी त्यांचा राजा नको, असं त्यांचं म्हणणं आहे.

मग शमुवेल लोकांपुढे राजाचं वागणं मांडतो. त्यात एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं : घेईल. तुमची मुलं घेईल, रथांपुढे धावायला. मुली घेईल, अत्तरं करायला, रांधायला, भाकरी भाजायला. उत्तमातली शेतं आणि द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा, मेंढरांचा दहावा हिस्सा. शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल.

लोक ऐकत नाहीत. शौल राजा होतो, मग दावीद, मग शलमोन. लबानोनचं लाकूड आणायला शलमोन ३०,००० माणसं वेठीला धरतो. जी प्रजा राजांच्या हाताखाली नांदली, तिनेच राजांवरचा हा ठपका आपल्या पवित्र ग्रंथात जपून ठेवला. मला याचं फार मोल वाटतं.

[दृश्य : इज्रेलचं खोरं, पहाट]

शलमोनानंतर राज्य दुभंगतं, आणि पुढे उत्तरेच्या राज्यात अहाब गादीवर येतो. अश्शूर या प्राचीन साम्राज्याचा एक शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात अहाबाच्या नावे २,००० रथ मांडलेत. अशा राजाला हवी होती भाजीपाल्यासाठी जागा. वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. त्याबदली दुसरा चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे, असं राजा म्हणाला.

नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही.

हा हट्ट नव्हता. "भूमी माझी आहे," असं परमेश्वराने मोशेच्या नियमशास्त्रात बजावलं होतं. माणसं तिच्यावर केवळ उपरी. म्हणजे त्या मळ्याचा धनी नाबोथही नव्हता, मग राजा कुठून असणार? अहाब तोंड फिरवून निजला, जेवला नाही. राणी ईजबेलने राजाच्या मोहरेची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाला गावाबाहेर दगडमार करून ठार केलं. अहाब मळा ताब्यात घ्यायला उतरला, तर तिथे एलीया संदेष्टा उभा : "खून केलास, वर वतनही बळकावलंस?"

राजाला असं तोंडावर विचारता येतं, कारण त्याच्या वर आणखी एक राजा आहे.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलने, म्हणजे बॅबिलोनने, यरुशलेम जाळलं. दावीदाच्या घराण्याची गादी गेली. स्तोत्रं मात्र उरली : परमेश्वर राज्य करतो.

[दृश्य : यरुशलेमची तटबंदी, संध्याकाळ]

सहा शतकांनंतर त्याच शहराबाहेर एका वधस्तंभावर पाटी लागली. इब्री, लॅटिन आणि ग्रीक, तीन भाषांत : नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा. खाली चार शिपाई त्याचे कपडे वाटून घेत होते. प्रत्येकाला एक वाटा आला. अंगरखा बिनशिवणीचा होता. तो फाडायचा नाही असं ठरलं, आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.