पलीकडची भिंत दिसाय पायजे

(पहिली दहा-बारा सेकंद नुसता ग्राइंडर. निवेदन त्यानंतर.)

या ठिणग्या उडतायत ना, तो मागच्या मडगार्डचा पत्रा कापला जातोय. गाडी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५०, मॉडेल २०१४ चं, तिची बॉबर करायचीय, आणि जागा कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. गाडी मॉडिफाय करायची म्हणजे लोकांना वाटतं काहीतरी लावायचं, लाइट लावा, गार्ड लावा, फटाके फोडणारा सायलेन्सर लावा. इथं सगळं उलटं चाललंय, आम्ही जेवढे दिवस शूट केलं त्यातले निम्मे दिवस मिस्त्री नुसते काढतच होते, आणि आमचा कॅमेरावाला वैतागून म्हणाला की अहो, दिसण्यासारखं काहीतरी होऊ दे की.

आता इथं बघा, सिटाच्या खाली. इंजिन संपतं आणि मागचं चाक सुरू होतं त्याच्या मधली ही जागा. कंपनीची गाडी असते तेव्हा इथं दोन्ही बाजूंना कव्हरं आणि त्यांच्यामागे एअर फिल्टरचा डबा, बॅटरी, फ्यूज, रिले, वायरींचं जंजाळ, म्हणजे घराच्या माळ्यावर टाकतो तसं सगळं टाकलेलं असतं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तिथं बोट ठेवून सांगितलं, "हितनं पलीकडची भिंत दिसाय पायजे." झालं. डिझाइन म्हणाल तर ते एवढंच, कागदावर काही नाही.

हे बॉबरचं खूळ मूळचं अमेरिकेतलं. १९३० आणि ४० च्या दशकात तिकडच्या पोरांनी जड हार्ली घ्यायच्या, पुढचं मडगार्ड काढून टाकायचं, मागचं आखूड करायचं आणि जे पळायला लागत नाही ते सगळं उतरवायचं. महायुद्धानंतर सैन्याच्या गाड्या स्वस्तात मिळायला लागल्या, तसं हे जास्तच वाढलं. घोड्याची शेपूट आखूड कातरतात त्याला तिकडं बॉब म्हणतात, त्यावरून ही बॉबर. आता रॉयल एनफिल्ड कंपनीनेच २०२४ साली गोअन क्लासिक ३५० नावाने शोरूममधे बॉबर आणली, दिसायला छान आहे, पण साइडची कव्हरं तिथंही आहेतच. भिंत काही दिसत नाही.

हे जे टायरवर सायकलची जुनी चेन पसरून ठेवलीय ती उगीच नाही. तिच्यावर कापलेलं मडगार्ड टेकवायचं, टॅक मारायचा, म्हणजे वेल्डिंगचा नुसता टिपका, आणि चेन ओढून घ्यायची, मग टायर आणि पत्रा यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहते. आणि हे मडगार्ड चॅसीला नाही, मागच्या स्विंगआर्मला, म्हणजे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्यांना बसवलंय. खड्ड्यात चाक वर उचललं की तेही बरोबर वर जातं, म्हणून फट इतकी कमी ठेवता येते.

मग डब्यातलं सामान गेलं कुठं? मेन स्टँड काढला तिथं, गिअरबॉक्सच्या मागे खाली, पत्र्याची एक पेटी बनवलीय. जड बॅटरी काढून छोटी लिथियम घातली, ती, रिले, फ्यूज सगळं त्या पेटीत, वर रबराची गॅस्केट. उभं राहून बघितलं तर पेटी दिसतच नाही, आम्हाला शूट करायला जमिनीवर झोपावं लागलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. हँडलवरच्या वायरी आतून न्यायच्यात, पाइपाच्या पोटातून. भोक पाडलं की त्याची कड ब्लेडसारखी असते, म्हणून मिस्त्री गोल कानशीने ती घासतायत, बोट घालून फिरवून बघतायत, परत घासतायत. ही कड राहिली तर हँडल वळवता वळवता वायर सोलते आणि एक दिवस रात्री हेडलाइट जातो. पाइपाला दोन वाक, वायर ढकलली तर अडकते, मग दोऱ्याला कापसाचा बोळा बांधला, एका टोकाला तो ठेवला आणि दुसऱ्या टोकाला घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला, बघा, सुर्रकन आला की नाही! त्या दोऱ्याला वायरी बांधून थोडं ग्रीस लावून हळूहळू ओढायच्या. अख्खी दुपार गेली यात, आणि पूर्ण झाल्यावर दिसतं काय, तर काहीच नाही. त्याचेच तर पैसे आहेत.

एअर फिल्टरचा डबा गेला, त्याच्या जागी कोन फिल्टर आला, म्हणजे हवा जास्त येणार, म्हणून कार्बोरेटरला मोठ्या भोकाचा मेन जेट, पेट्रोलही जास्त यायला. गाडी फिरवून आणायची, प्लग काढून बघायचा. पहिल्या वेळी पांढरा पडला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. हा तिसऱ्या वेळचा प्लग, कॉफीच्या रंगाचा, म्हणजे आता बरोबर.

सीट एकट्याची, आणि तिचं चामडं इथल्याच एका चप्पल करणाऱ्या काकांकडचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. कडेची वेणी त्यांनी स्वतःहून घातली, आम्ही मागितली नव्हती.

टाकी २० लिटरची जाऊन छोटी आली त्यामुळे पंप जास्त वेळा लागणार, मागे कुणी बसणार नाही, आणि साडीगार्ड, इंडिकेटर, जुनं मडगार्ड सगळं पोत्यात भरून ठेवलंय कारण मूळ गाडीत असे बदल कायद्यात बसत नाहीत, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, पासिंगला परत लावावं लागेल. असो.

(इथं गाडी सुरू होते. मालकाचा चेहरा. बोलायचं नाही, आवाज पूर्ण येऊ दे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पंचगंगा घाट. मिस्त्री पण आले, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी साइड स्टँडवर लावली, कॅमेरावाला पायरीवर बसला आणि फोकस गाडीवर न ठेवता तिच्या आरपार नेला. इंजिन आणि चाकाच्या मधून बघा, पलीकडे म्हशी पाण्यात उतरतायत.