वर्गणीवर चाललेला मदरसा

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यात देवबंद नावाचं गाव आहे. 1866च्या मे महिन्याच्या अखेरीस तिथल्या छत्ता मशिदीच्या अंगणात एका डाळिंबाच्या झाडाखाली एक शाळा सुरू झाली. शिक्षकाचं नाव मुल्ला महमूद आणि पहिल्या विद्यार्थ्याचं नावही महमूदच, महमूद हसन. तीच शाळा पुढे दारुल उलूम म्हणून जगभर ओळखली गेली.

तो काळ आठवा. 1857चा उठाव मोडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. दिल्ली उजाड झाली होती, बादशहा रंगूनला कैदेत मरण पावला होता. मदरशांना पोसणारे नवाब आणि जहागीरदार स्वतःच बुडाले होते. मग मुलांना शिकवायचं कोणाच्या पैशावर?

याचं उत्तर मौलाना कासिम नानौतवी यांनी दिलं. हे मोठे विद्वान, पण पोटासाठी मेरठच्या छापखान्यात मुद्रितं तपासत. मदरसा कसा चालवावा याची आठ तत्त्वं त्यांनी लिहून ठेवली. त्यांचा गाभा असा की मदरसा सर्वसामान्यांच्या वर्गणीवर चालावा. जहागीर, कारखाना, व्यापार असं पक्कं उत्पन्न मिळालं, तर देवावरचा भरवसा सुटेल आणि आपसांत भांडणं लागतील. सरकार आणि श्रीमंत यांचा हात लागणं तर फारच घातक. संस्था म्हटली की आधी कायम निधी, अशी आपली समजूत. या माणसाने नेमकी त्याचीच धास्ती घेतली होती!

वर्गणी म्हटली की हिशेब आला. मदरशाचा वार्षिक अहवाल छापून निघे, देणगीदारांची नावं त्यात येत. कोणी रोख देई, कोणी पुस्तकं, तर गावातली घरं विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय बघत. जुन्या मदरशांत एखाद्या गुरूच्या घरी बसून एखादा ग्रंथ शिकत. इथे ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग, लेखी परीक्षा, पगारी शिक्षक आणि ग्रंथालय होतं. ही घडी थेट इंग्रजी कॉलेजांची. नानौतवींचे गुरू ममलूक अली सरकारी दिल्ली कॉलेजातच शिकवत. म्हणजे सरकारचा पैसा नाकारला, पण सरकारी शाळेची शिस्त डोळसपणे उचलली. मला ही त्यांची सर्वांत मोठी हुशारी वाटते.

अंगणातला तो पहिला विद्यार्थी, महमूद हसन, पुढे त्याच मदरशाचा मुख्य अध्यापक झाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना हुसकावण्याचा घाट त्यांनी आणि त्यांचे शिष्य उबैदुल्ला सिंधी यांनी घातला. सिंधी काबूलला गेले. तिथे डिसेंबर 1915मध्ये राजा महेंद्र प्रताप यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानचं हंगामी सरकार स्थापन झालं आणि सिंधी त्यात गृहमंत्री झाले. महमूद हसन त्याआधीच मुंबईहून जहाजाने हिजाझला, म्हणजे अरबस्तानातल्या मक्का-मदिनेच्या प्रांतात, रवाना झाले होते. सिंधींनी त्यांच्यासाठी रेशमी कापडावर पत्रं लिहून धाडली. ती 1916मध्ये पंजाबात इंग्रजांच्या हाती लागली आणि कट उघडा पडला. महमूद हसन हिजाझमध्ये पकडले गेले. माल्टा बेटावरच्या कैदेत त्यांच्यासोबत शिष्य हुसेन अहमद मदनीही होते. एक सोबती, हकीम नुसरत हुसेन, तिथेच वारले.

1920च्या जूनमध्ये महमूद हसन सुटून मुंबईच्या बंदरात उतरले. खिलाफत चळवळीने त्यांना ‘शेखुल हिंद’, म्हणजे हिंदुस्थानचे वडीलधारे गुरू, म्हणून गौरवलं. तब्येत पार ढासळली होती, तरी ऑक्टोबरात ते अलीगढला गेले. तिथल्या कॉलेजाने सरकारी अनुदान सोडावं, असा आग्रह धरून विद्यार्थी बाहेर पडले होते. त्यांच्यासाठी 29 ऑक्टोबरला जामिया मिलियाची स्थापना झाली, ती महमूद हसन यांच्या हस्ते. भाषण करायचं त्राण नव्हतं, म्हणून ते त्यांचे शिष्य शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचून दाखवलं. महिनाभरात, 30 नोव्हेंबरला, महमूद हसन गेले.

देवबंदची माणसं पुढे एका वाटेने गेली नाहीत. मदनी फाळणीच्या विरोधात शेवटपर्यंत ठाम राहिले, तर उस्मानी पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले.