क्रॉसओव्हर ॲनालॉग की डिजिटल: गाडी अडते ती तीन सेंटिमीटरवर

क्रॉसओव्हरचं काम तुम्हा सगळ्यांना माहितीये, स्पीकरमध्ये खालचा, जाड आवाज मोठ्या वूफरला द्यायचा, वरचा, बारीक आवाज छोट्या ट्वीटरला. नेहमीच्या स्पीकरमध्ये ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या नंतर होते, जाडजूड कॉइल आणि कपॅसिटर लावून. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ती ॲम्प्लिफायरच्या आधी होते आणि मग प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे वूफरला आणि ट्वीटरला, आपापला ॲम्प. आता ही वाटणी ऑप-ॲम्पच्या ॲनालॉग सर्किटने करायची का डीएसपीने, म्हणजे सिग्नलचे आकडे करून गणित करणाऱ्या चिपने, इथे वाद पेटतो, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की ॲनालॉगचा आवाज गोड, डिजिटलचा कोरडा.

मला हे अजिबात पटत नाही. 1976 साली लिंक्विट्झ आणि रायली यांनी जो फिल्टर मांडला, ज्यात क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे जिथे वूफर सोडतो आणि ट्वीटर धरतो त्या फ्रिक्वेन्सीला, दोन्ही बाजू 6 डीबी (डेसिबल) खाली असतात आणि बेरीज सपाट येते, तो तुम्ही रेझिस्टर-कपॅसिटरने बांधा नाहीतर गणिताने काढा, वक्र तोच. खरा फरक पडतो डिलेमध्ये, म्हणजे एका ड्रायव्हरचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडण्यात.

घ्या साधा टू-वे स्पीकर, एक वूफर आणि एक ट्वीटर. ट्वीटर सपाट बसतो, वूफरचा कोन आत खोल, त्यामुळे वूफरचा आवाज जणू तीनेक सेंटिमीटर मागून निघतो. तीन सेंटिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटतं, पण क्रॉसओव्हर 2000 हर्ट्झला असेल तर तिथे पूर्ण लाट 17 सेंटिमीटरचीच असते, म्हणजे लाटेच्या 360 अंशांपैकी 60 अंशांच्या वर फेज, म्हणजे दोन लाटांची जुळणी, चुकली. समोर बसलात तर नुकसान दीडेक डीबीचंच, पण आवाजाचा झोत खाली झुकतो आणि उभं राहिलं की मधला भाग पोकळ वाटायला लागतो.

हे मी माझ्या स्पीकरवर मोजलंय. ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडायच्या, माइक समोर ठेवायचा आणि स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, लावायचा. फेज जुळली असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना मारतात आणि क्रॉसओव्हरला खोल खड्डा पडतो. माझा खड्डा जेमतेम 6 डीबीचा होता. मग डीएसपीत ट्वीटरला एक-एक सॅम्पल डिले देत गेलो, 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48,000 सॅम्पल असताना, एका सॅम्पलच्या वेळात आवाज साधारण 7 मिलिमीटर जातो, आणि चौथ्या सॅम्पलला खड्डा धाडकन 30 डीबीच्या आसपास गेला. वायरी सरळ केल्या, गायकाचा आवाज एका जागी उभा राहिला. हेच ॲनालॉगमध्ये करायचं तर ऑल-पास सर्किट (आवाजाची पातळी न बदलता फक्त फेज सरकवणारं) लावा नाहीतर ट्वीटर मागे सरकवून बसवा, जमतं, पण दर प्रयोगाला सोल्डरिंग आयर्न हातात.

मग डिजिटलला खोट नाहीच का? आहे, आणि ती बहुतेक वेळा आपण स्वतः करतो. लोक व्हॉल्यूम डीएसपीत 40 डीबी खाली ठेवून ऐकतात, सिग्नल खाली गेला पण डॅकचा (आकड्यांचा पुन्हा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या चिपचा) नॉइज आहे तिथेच, पुढे ॲम्प त्याला चांगला वीसपट वाढवतो, आणि ट्वीटरमधून सतत सूं ऐकू येतं. व्हॉल्यूम डीएसपीच्या आधी लावला तर आत घेतानाच सिग्नल बारीक. त्यापेक्षा डॅक आणि ॲम्पच्या मध्ये साधा रेझिस्टरचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, टाका, नॉइज सिग्नलबरोबर खाली येतो. लांबलचक एफआयआर फिल्टर (फेजही सरळ करू शकणारे डिजिटल फिल्टर) लावायचे असतील तर उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वरही जाऊ शकतो, गाण्याला चालतं, पिक्चर बघताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

ड्रायव्हर आधीच एका रेषेत असतील, क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा ते पक्कं असेल, तर मी आजही ॲनालॉग बोर्ड बांधेन. बाकी ठिकाणी डीएसपी.

आणि एक, ॲक्टिव्हमध्ये ट्वीटर थेट ॲम्पला जोडलेला असतो, चुकीची सेटिंग लोड झाली की बास सरळ त्यात. 8 ओहमच्या ट्वीटरला सिरीजमध्ये 20 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, 1000 हर्ट्झच्या खालचं तो अडवत जातो, आणि मोजमाप तो जागेवर ठेवूनच घ्या, कारण तोही फेज थोडी हलवतो.