पडलेलं पितळ कोणाचं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या पुंगळ्यांची निवड आणि तपासणी'. तिकडे येतोच. आधी एक तक्रार मांडू द्या. घरी ती ऐकायला आता कुणी तयार नाही.

काडतुसातली गोळी जाते, दारू जळते, प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, एकदाच फुटतो. पुंगळी, म्हणजे मागे उरणारं पितळी कवच, तेवढी पुन्हा भरता येते. साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. रिलोडिंगवाल्याचा जीव तिच्यात अडकतो तो यामुळेच. हसू नका, पहिल्या रांगेत दोघांचे खिसे आत्ताही खुळखुळताहेत.

तर एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, इथे बसलेले असतील. नेमबाजीच्या रेंजवर येतात, चार गोळ्या झाडतात आणि बादली काढतात. मी शेजारी नेम धरलेला आणि हे माझ्या पायाशी उकिडवे! माझं पिस्तूल पुंगळी उजवीकडे मागे फेकतं. ती जमिनीला टेकायच्या आत यांच्या हातात. एकदा गरम पुंगळी थेट त्यांच्या कॉलरमध्ये गेली. माणूस नाचला हो! आणि नाचता नाचता विचारतो काय, "नऊ एमएमचीच ना?" हसण्यावारी गेलं, पण भरलेल्या पिस्तुलाशेजारी असं कुणी उडी मारणं ही गंमत नव्हे. मी बोललो, तर उत्तर मिळालं, "खाली पडलं ते सगळ्यांचं."

नाही. काडतूस ज्याचं, पुंगळी त्याची. त्याचं झाडून होऊ द्या, मग विचारा. 'घेऊन जा' म्हणाला तर खुशाल न्या. रेंजच्या डब्यात पडलेली रेंजची. बऱ्याच ठिकाणी ती विकून खर्च भागवतात. काही स्पर्धांत पितळ उचलायचंच नाही असं आधी जाहीर करतात, तिथे वाद घालू नये. आणि फायरिंग लाइनच्या पुढे पडलेली? गोळीबार थांबून, शस्त्रं रिकामी झाल्याचा पुकारा होईपर्यंत ती सोन्याची असली तरी तिकडे पाऊल नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

लोहचुंबक फिरवा, चिकटली ती पोलादी, बाजूला. ॲल्युमिनियमचीही नको. तोंडातून बॅटरी मारा: तळाशी मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर प्रकारचा प्रायमर, दोन बारीक म्हणजे बर्डन प्रकारचा. बर्डनमध्ये प्रायमर काढायची पिन मोडते. गंमत बघा, ज्यांची ही नावं, त्यातला बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, आणि अमेरिकेत चालतो बॉक्सर! असो. नऊ एमएमची पुंगळी पॉइंट फोर्टी या मोठ्या मापाच्या पोटात आणि ती त्याहून मोठ्या पॉइंट फोर्टी फाइव्हच्या पोटात जाऊन बसते, तेव्हा एकेक सुटी करून बघा. पॉइंट फोर्टी फाइव्हमध्ये प्रायमर दोन मापांचे येतात, वेगळे करा. रायफलच्या पुंगळीला बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं आणि आतून वाकवलेल्या तारेला खाच लागली, तर ती फेका. पितळाच्या ढिगात न उडालेलं काडतूस सापडलं तर बादलीत नको, रेंज अधिकाऱ्याच्या हाती द्या. शिसं हाताला लागतं. खाण्याआधी साबणाने हात धुवा.

वेळ संपली, प्रश्न बाहेर विचारा.