‘अपराजितो’चे अंगण : सत्यजित राय आणि त्यांचे सोबती

नमस्कार. कमी पैशांत चित्रपट करणाऱ्याविषयी बोलताना ‘त्याने सगळे एकट्याने केले’ असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. सत्यजित राय यांच्याविषयी तर हे हमखास म्हटले जाते, आणि त्याला आधारही आहे. पटकथा त्यांची, पोस्टरवरची अक्षरे त्यांच्या हातची, ‘तीन कन्या’पासून, म्हणजे १९६१ पासून, संगीतही त्यांचेच. तरीही रायांचे सुरुवातीचे चित्रपट मी जितक्या वेळा पाहतो, तितके मला त्यांच्या सोबत्यांविषयी बोलावेसे वाटते. रायांना प्रत्येकाच्या कामातले इतके कळत होते की ते अवघड गोष्ट मागू शकत, आणि सोबत्यांना स्वतःचे काम इतके कळत होते की ते रायांना ‘हे जमणार नाही’ असे सांगू शकत. आजचा विषय हा नकार आहे.

आधी माणसे पाहू. रायांच्या पहिल्या चित्रपटाचे, ‘पथेर पांचाली’चे, चित्रण १९५२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, तेव्हा राय जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करत होते, त्यामुळे काम सुट्टीच्या दिवशी चाले. छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम बाविशीचे होते आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा त्याआधी कधी चालवलेला नव्हता. त्यांचे शिक्षण झाले ते पाहण्यातून : ज्याँ रेन्वार हे फ्रेंच दिग्दर्शक कोलकात्यात चित्रपट करायला आले असताना सुब्रत मित्र सेटवर जाऊन बसत आणि प्रकाशयोजनेच्या नोंदी करून ठेवत. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त त्याच चित्रपटात कलाविभागात काम करत होते. संकलक होते दुलाल दत्त. पैसे अर्थातच नव्हते. रायांची विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण पडले, काम दीर्घकाळ थांबले आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशांवर ते पूर्ण होऊन १९५५ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

अशा छोट्या गटात कामांच्या सीमा फार काटेकोर राहत नाहीत. पंडित रविशंकर यांच्याकडे वेळ अत्यंत कमी असल्यामुळे या चित्रपटाचे संगीत रात्रभर चाललेल्या एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित झाले, आणि मिठाईवाल्याच्या मागे मुले निघतात त्या प्रसंगातली सतार वाजवली आहे छायालेखक सुब्रत मित्र यांनी. ज्या माणसाने ती चाल कॅमेऱ्यातून पाहिली होती, त्यानेच तिचे सूर वाजवले. ही गोष्ट मला अतिशय सुंदर वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुसरा चित्रपट ‘अपराजितो’, वर्ष १९५६. कथेतल्या हरिहरचे कुटुंब बनारसमध्ये एका जुन्या घरात राहते. चारही बाजूंनी उंच भिंती, मध्ये अंगण आणि वर आभाळाचा चौकोन, अशी त्या घराची रचना आहे. अशा अंगणात ऊन थेट उतरत नाही. वरून पाझरणारा उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि माणसांच्या सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. पावसाच्या भीतीने हा सेट कोलकात्यात उघड्यावर न बांधता स्टुडिओच्या छताखाली बांधायचे ठरले. सुब्रत मित्र यांनी याला विरोध केला. स्टुडिओतल्या दिव्यांनी असा बिनसावलीचा उजेड तयार होऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या वेळच्या पद्धतीने पाहिले तर ते बरोबरच होते. दिवा थेट नटावर सोडला की मागच्या भिंतीवर कडक कडांची सावली उमटते. ती घालवायला दुसरा दिवा लावावा, तर त्याची आणखी एक सावली पडते.

राय आणि चंद्रगुप्त ऐकेनात, तेव्हा सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर, जिथे आभाळ असायला हवे तिथे, चौकटीवर पांढरे कापड ताणून बसवले आणि दिव्यांची तोंडे नटांकडे न ठेवता खालून त्या कापडाकडे वळवली. कापडावर आपटून परतलेला प्रकाश अंगणात उतरला. उजेडाचा उगम आता दिव्याच्या छोट्या काचेऐवजी अख्ख्या कापडाएवढा झाला होता, म्हणून सावल्यांच्या कडा विरघळल्या. या पद्धतीत प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो आणि दिवे जास्त लागतात, हा तोटा त्यांनी पत्करला. आज आपल्याकडच्या कुठल्याही शूटिंगला चेहऱ्यासमोर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला जातो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

यात श्रेय वाटून देणे कठीण आहे. चंद्रगुप्तांचा सेट इतका खरा नसता तर खोटा प्रकाश लगेच उघडा पडला असता, रायांनी हट्ट सोडला असता तर ते कापड वर चढलेच नसते आणि सुब्रत मित्र यांनी निमूटपणे मान डोलावली असती तर नेहमीचे दिवे लागून काम उरकले असते.

हे सहकार्य मात्र कायम टिकले नाही. ‘चारुलता’च्या सुमारास, म्हणजे १९६४च्या आसपास, राय स्वतः कॅमेरा चालवू लागले. नटाच्या हालचालीबरोबर चौकट किती सरकावी हे डोळ्याला कॅमेरा लावल्यावरच कळते, त्यामुळे दिग्दर्शक म्हणून त्यांची ओढ मला समजते. पण छायालेखकाच्या हातून कॅमेरा जाणे ही लहान गोष्ट नाही. १९६६चा ‘नायक’ हा दोघांचा एकत्र केलेला शेवटचा चित्रपट ठरला. पुढे रायांचे छायालेखन प्रामुख्याने सौमेंदू राय यांनी केले, आणि चांगले केले. तरीही रायांना अडवणारा तो आवाज गेल्याची उणीव मला जाणवते.

‘अपराजितो’ पुन्हा पाहाल तेव्हा बनारसच्या घाटांवरची दृश्ये आणि अंगणातली दृश्ये पाठोपाठ लावून पाहा. घाट खरे आहेत आणि अंगण स्टुडिओतले आहे. हरिहरची पत्नी सर्बजया अंगणात वावरत असताना तिच्या हनुवटीखाली आणि मागच्या भिंतीवर नजर ठेवा, आणि कुठे सावलीची कड सापडली तर खाली मिनिट-सेकंदासह लिहून कळवा.