अडीच फुटांवरची खुंटी

(दृश्य : सारवलेल्या जमिनीची एक खोली. कॅमेरा मुलाच्या उंचीवर.)

कॅमेरा मुद्दाम इतका खाली ठेवला आहे. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर. त्याचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात. त्या डोळ्यांनी ही खोली बघा. भिंतीवरचे तक्ते पाच फुटांवर टांगलेत, त्यांच्या खालच्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. फळ्यापर्यंत हात जात नाही. कोपऱ्यात एक कपाट आहे. खेळणी त्यातच आहेत, पण कपाटाला कुलूप आहे.

गरीब गावातल्या बालवाडीला काय द्यावं, असं विचारलं की यादी भराभर होते : टेबलं, खुर्च्या, तक्ते, खेळणी. देणाऱ्याची माया खरी असते. पण यादी करण्याआधी या उंचीवर घटकाभर बसावं, एवढंच आमचं मागणं आहे.

(दृश्य : बोर्डीचा किनारा. सुरूची झाडं.)

हे बोर्डी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. १९४५ साली ताराबाई मोडक इथे आल्या. गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरवले होते, दादरला शिशुविहार उभा केला होता. आता त्यांना खेड्यातली मुलं हवी होती. बरोबर होत्या पस्तिशीच्या अनुताई वाघ. दोघींनी इथे बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं.

ताराबाईंच्या हाती माँटेसोरी पद्धत होती : मुलानं वस्तू स्वतः हाताळून शिकायचं. तिची सुरुवातही गरिबांच्याच वस्तीत झाली होती. रोमच्या सान लोरेन्झो भागात मारिया माँटेसोरींनी १९०७ मध्ये बालगृह उघडलं आणि पोरांना स्वतः उचलून नेता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या. पुढे या पद्धतीचं साहित्य जगभर गेलं. त्यातला गुलाबी मनोरा बघा : दहा ठोकळे, सगळ्यांत लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यांत मोठा १० सेंटिमीटरचा. माप जरा चुकलं की खेळातली गंमत गेली. इतकं नेमकं सुतारकाम महाग पडतं. खेड्यातल्या बालवाडीला ते कुठून परवडणार?

ताराबाईंनी मग साहित्याचा हेतू धरला. ठोकळे कशासाठी? लहान-मोठं डोळ्याला आणि हाताला कळावं म्हणून. मग ते काम आसपास सापडणाऱ्या वस्तू करतील का? बिया, पानं, खडे, शिंपले, माती. कोणत्या गावात यातलं काहीच मिळत नाही?

(दृश्य : झोपडीपुढचं अंगण. कोंबड्या. झाडाखाली बसलेली मुलं.)

अडचण दुसरीच निघाली. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, गुरांमागे जायचं, अंगावर धड कपडा नाही. मुलं येत नाहीत तर बालवाडीनं त्यांच्याकडे जायचं, असं ठरलं. वस्तीतल्या अंगणात वर्ग भरू लागला आणि त्याचं नाव पडलं अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

अंगणात भरणाऱ्या वर्गाला फर्निचर कसलं? पहिलं साहित्य होतं पाणी, साबण आणि फणी. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. आम्हाला ही सुरुवात फार मोलाची वाटते. कोणाची तरी बोटं मायेनं केसांतून फिरली, की मूल दुसऱ्या दिवशी आपणहून येतं.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. दार उघडं. सुतार फूटपट्टी लावतो आहे.)

आज अशी खोली सजवायची झाली, तर आधी भिंत धरा. जमिनीपासून अडीच फुटांचा पट्टा काळा रंगवला, की चारी बाजूंना फळा तयार होतो. एका फळ्यापुढे रांग लागत नाही, वीस मुलं एकाच वेळी रेघा ओढतात. पाट्या फुटतात, भिंत फुटत नाही. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, अडीच फुटांवर, खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली एक चित्र : कोंबडा, नांगर, मासा. अक्षर येत नसलेलं मूलही आपली खुंटी ओळखतं, पिशवी अडकवतं. या खोलीत माझी म्हणून एक जागा आहे, हे त्याला तिथे कळतं.

खुर्च्यांचा हट्ट नको. आपली मुलं मांडी घालून छान बसतात, त्यांना चटई द्या. ओल येत असेल तर पाट द्या. लिहायला-रंगवायला काही बुटकी डेस्कं, दोन मुलांना मिळून उचलता येतील एवढीच जड. खुर्ची करायचीच तर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी मूल फार वेळ स्वस्थ बसत नाही, आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात.

पाण्याचा माठ बुटक्या तिवईवर, वर झाकण, लांब दांड्याचं ओगराळं. हात धुवायला दाराबाहेर बादली आणि तांब्या, साबण जाळीत बांधून टांगलेला. आरसा हवाच, तोही खाली.

आणि उघडी मांडणी, दोन फळ्यांची. तिच्यावर करवंट्यांतून चिंचोके, सागरगोटे, शंख, सुरूची फळं. गुंजा मात्र नकोत. लाल-काळ्या, देखण्या असतात, पण विषारी. दोन-अडीच वर्षांचं भावंड कडेवर येत असेल तर बारीक बियाही त्याच्या हाताला लागू देऊ नयेत, ते सगळं तोंडात घालतं. शिंप्याकडच्या चिंध्यांची बाहुली होते. जुन्या सदऱ्याची बटणपट्टी लाकडी चौकटीवर ताणून बसवली, की बटणं लावायचा सराव होतो. बांबूची कांडी लहान-मोठी कापून, कडा घासून ठेवा. लावा उतरत्या क्रमानं. ताराबाईंनी धरलेला हेतू तोच, फक्त आता तो बांबूत आहे.

(दृश्य : कुलूपबंद कपाट.)

आता त्या कपाटाकडे परत येऊ. कुलूप सेविकेनं हौसेनं लावलेलं नाही. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढते, तुटली तर जाब तिला द्यावा लागतो. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ, नोंदी, आणि वर खेळणी तुटण्याची धास्ती. म्हणून साहित्य देणाऱ्यांनी तिला तोंडानं सांगावं आणि लेखीही द्यावं : हे वापरून झिजवायला आणलं आहे. तुटलं तर बदलून देऊ. वर्षातून एकदा सुतार पाठवू. असं पत्र टेबल-खुर्च्यांइतकंच कामाचं आहे.

(दृश्य : मुलं आवरतात. करवंट्या मांडणीवर जातात.)

सुट्टीची वेळ झाली. मासा असलेल्या खुंटीवरून एक हात पिशवी काढतो. काढायला टाचा उंचवाव्या लागत नाहीत. खाली सांडलेला एक चिंचोका तो हात उचलतो, करवंटीत टाकतो आणि बाहेर धावतो.