जाहिरात मेंदूत कुठे पोहोचते?

श्रोतेहो, नमस्कार.

जाहिरात आणि मेंदू यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मेंदूचे तीन थर असतात, सर्वांत खाली सरपटणाऱ्या प्राण्यांकडून आलेला आदिम मेंदू, त्यावर भावनांचा आणि सर्वांत वर विचारांचा. आणि चतुर जाहिरातदार विचारांना बगल देऊन थेट तळाच्या मेंदूला हाक मारतो. पॉल मॅक्लीन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली ही कल्पना विक्रीकलेच्या व्याख्यानांतून अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात मेंदूची उत्क्रांती अशी थरावर थर चढत झालेली नाही, आणि भावना, स्मृती व विचार यांची कामे करणारे भाग एकमेकांशी अखंड जोडलेले असतात. माझ्या मते जाहिरातीची खरी ताकद या जोडणीतच आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे रीड माँटेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोका-कोला आणि पेप्सी ही दोन पेये लोकांना आधी नाव न सांगता आणि मग नाव दाखवून पाजण्यात आली, आणि पिताना त्यांच्या मेंदूत काय घडते ते एमआरआय यंत्रातून पाहण्यात आले. नाव ठाऊक नसताना कपाळामागील अग्रखंडाचा खालचा, मधला भाग ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे कमी-अधिक सक्रिय होई. मिळणाऱ्या सुखाचे मोल ठरवण्याशी या भागाचा संबंध आहे. घोट घेण्याआधी कोका-कोलाचे चित्र दिसले की मात्र आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आणि अग्रखंडाचा आणखी एक भाग जागा होई, आणि पसंतीही त्या पेयाकडे झुकत असे. पेप्सीच्या चित्राने असा बदल दिसला नाही. पुढे २००८ मध्ये असे आढळले की, अग्रखंडाच्या त्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांची पसंती नाव कळल्यावरही बदलत नाही. म्हणजे वर्षानुवर्षे ऐकलेल्या-पाहिलेल्या जाहिरातींचा ठसा चवीच्या पसंतीत मिसळण्यासाठी हा दुवा शाबूत असावा लागतो. जिभेवर पडलेला घोट तोच असतो. त्याची किंमत ठरवताना मेंदू आठवणींनाही साक्षीला बोलावतो.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून देण्यात आली. महाग म्हटलेली वाइन लोकांना अधिक आवडली, आणि सुखाच्या अनुभवाशी संबंधित भागाची सक्रियताही खरोखर वाढलेली दिसली. लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना ती तशीच लागत होती, आणि मला ही बाब फार गंभीर वाटते.

किमतीचा विषय निघालाच आहे, तर ब्रायन नटसन यांच्या २००७ मधील संशोधनाचाही उल्लेख करतो. हवीशी वस्तू दिसताच मेंदूतील न्यूक्लियस ॲकम्बेन्स हा सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला भाग उद्दीपित होतो. किंमत अवाजवी वाटली तर इन्सुला हा भाग सक्रिय होतो, जो वेदना आणि किळस यांच्या अनुभवातही सहभागी असतो. आजच्या जाहिरातीत वस्तू मोठी आणि झळझळीत दिसते, रक्कम मासिक हप्त्यांत विभागून सांगितली जाते, त्यामागचे एक कारण येथे सापडते.

आता आपल्या माध्यमाकडे वळू. विविध भारतीवर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. आकाशवाणीच्या जाहिरातीला चित्राचा आधार नव्हता, म्हणून तिने चाल आणि यमक यांच्यावर भर दिला. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले होते की, एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती हळूहळू आवडू लागते. निरमा पावडरची जिंगल आज साठीत असलेल्या माणसालाही शब्दन् शब्द येते, आणि ती पाठ करायला कुणी त्याला बसवले नव्हते. या स्वस्त पावडरीने बाजार काबीज केल्यावर सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आल्या. भाजी पारखून घेणारी, पैशाचा हिशेब मांडणारी ही गृहिणी वरकरणी पूर्णपणे तर्काची भाषा बोलत होती. परंतु तो तर्क आपल्यापर्यंत पोहोचत होता एका करारी चेहऱ्यातून, ठाम आवाजातून आणि हुशार गृहिणी म्हणवून घेण्याच्या अभिमानातून. विचार आणि भावना यांची फारकत करून ती जाहिरात समजावून सांगताच येणार नाही.

नकळत डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या छुप्या संदेशांची भीती मात्र सोडून द्यावी. १९५७ मध्ये जेम्स विकरी या अमेरिकी बाजार-संशोधकांनी चित्रपटगृहात असा प्रयोग यशस्वी केल्याचा दावा केला होता, आणि पुढे तो बनावट असल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले.

काळजी करावी अशी जागा वेगळी आहे. मोह आवरणारा आणि दाव्याची शहानिशा करणारा अग्रखंड पूर्ण परिपक्व व्हायला वयाची विशी उलटावी लागते, तर सुखाची ओढ लावणारे भाग त्याच्या कितीतरी आधी जोमाने कामाला लागलेले असतात. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि मुलांच्या अननुभवाचा, भाबडेपणाचा गैरफायदा घेण्यास त्यांत मनाई केली, हे योग्यच झाले. पण मुले आता मोबाइलवर खेळणी उघडून दाखवणारे व्हिडिओ पाहतात, आणि त्यांत गंमत कुठे संपते व विक्री कुठे सुरू होते हे मोठ्यांनाही चटकन ओळखता येत नाही. अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिण्याचा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. परंतु ते अक्षर वाचून सावध होण्याचे काम पुन्हा मुलाच्या त्याच अर्धवट वाढलेल्या अग्रखंडावर येऊन पडते.